यंत्राचा कारभार : आरंभीच्या मेनफ्रेम कार्यप्रणालींच्या इतिहासाचा आढावा

मोठ्या गणकयंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष दीर्घकाळ यंत्रांच्या घडणीवरच खिळलेले होते. निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरांनी केव्हा घेतली, स्मृतीसाठी चुंबकीय कड्यांची जाळी कोणी योजिली, कोणत्या कंपनीची किती यंत्रे खपली, याचा तपशील साल-तारखांनिशी उपलब्ध आहे. परंतु यंत्र एकदा जागेवर उभे राहिले म्हणजे त्याच्यावर कोणाचे काम आधी चालावे, एकाच्या चुकीचा उपद्रव दुसऱ्याला पोहोचू नये म्हणून बंदोबस्त कसा असावा आणि खर्ची पडलेल्या प्रत्येक मिनिटाचा आकार कोणाच्या खाती टाकावा, हा सारा कारभार जी पाहते त्या कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा, इतिहास मात्र ज्यांनी अशा प्रणाली स्वतः बांधल्या त्यांच्या आठवणींवरच पुष्कळ वर्षे विसंबून राहिला. रॉबर्ट रोझिन यांनी १९६९ मध्ये आणि नॉर्मन वायझर यांनी १९८१ मध्ये या विषयाचे जे आढावे घेतले, ते व्यवसायातल्या माणसांनी व्यवसायातल्या माणसांसाठी लिहिलेले होते. पेर ब्रिंच हान्सेन यांनी २००१ मध्ये मूळ निबंधांचा जो संग्रह सिद्ध केला, त्याचा संपादकही स्वतः एक नामांकित प्रणालीकार होता. अत्सुशी अकेरा, मार्टिन कँपबेल-केली, मायकेल माहोनी, मार्टेन बुलिंक या इतिहासकारांनी हा प्रांत हाती घेतला तो त्या मानाने अलीकडे, आणि त्यानंतरच अनेक रूढ समजुतींना बाध येऊ लागला.

या क्षेत्रातील वाद आज कोठे येऊन ठेपले आहेत, हे पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझ्या मते या वादांतील प्रत्येक पक्ष आपापल्या जमाखर्चाच्या वहीतून बोलत असतो. यंत्र भाड्याने घेणाऱ्या कारखान्याची वही वेगळी, यंत्र विकणाऱ्या कंपनीची वेगळी, आणि सरकारी अनुदानावर संशोधन करणाऱ्या विद्यापीठाची वेगळी. काय खर्च झाले आणि काय वाचले, याची उत्तरे त्यांमध्ये निरनिराळी निघतात, आणि मग श्रेष्ठ कोण व पहिला कोण याची उत्तरेही तशीच निरनिराळी निघतात.

पूर्वस्थिती

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएम ७०१ सारख्या यंत्रावर काम करणारा गणिती किंवा अभियंता स्वतः यंत्रासमोर जाऊन बसत असे. त्याला नेमून दिलेला अवधी बहुधा पंधरा मिनिटांच्या हिशेबाने मोजला जाई. तेवढ्यात त्याने आपली कार्डे वाचकयंत्रात घालावी, टेपा चढवाव्या, छपाईयंत्राची जोडणी करावी, आणि मग उरलेल्या वेळात गणित चालवावे. मध्येच कार्यक्रम अडखळला तर फलकावरील दिव्यांकडे पाहत तो विचार करीत बसे, आणि दरमहा पाच आकडी डॉलर भाड्याचे ते यंत्र तोपर्यंत स्वस्थ उभे असे. वायझर यांनी या स्थितीचे जे वर्णन केले आहे त्यावरून पाहता, नेमलेल्या वेळाचा दोन तृतीयांश भाग केवळ मांडामांडीत जाई.

यावर पहिला उपाय योजिला गेला तो प्रशासकीय होता. गणिती मंडळींना यंत्राच्या खोलीबाहेर ठेवावे, त्यांनी कार्डांचा गठ्ठा खिडकीतून द्यावा, आणि आत नेमलेल्या ऑपरेटरने एकामागून एक कामे लावावी, असा शिरस्ता पडला. दुसरा उपाय म्हणजे ऑपरेटरच्याच हातचे काही काम यंत्राकडे सोपविणे. कार्यप्रणालीचा जन्म या दुसऱ्या उपायातून झाला, याविषयी इतिहासकारांत फारसे दुमत नाही. दुमत आहे ते नेमक्या जन्मवेळेविषयी.

आरंभ कोणापासून धरावा

सर्वसाधारण ग्रंथांत पहिलेपणाचा मान १९५६ मधील जीएम-एनएए इनपुट-आउटपुट सिस्टिमला दिलेला आढळतो. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातील रॉबर्ट पॅट्रिक आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीतील ओवेन मॉक यांनी आयबीएम ७०४ साठी ती संयुक्तपणे सिद्ध केली. तिची रचना तीन टप्प्यांची होती. प्रथम आलेल्या सर्व कामांची माहिती यंत्राला सोयीच्या स्वरूपात उतरवून घ्यावयाची, मग ती कामे मनुष्याच्या हस्तक्षेपावाचून एकापाठोपाठ चालवावयाची, आणि शेवटी सर्वांचे निकाल एकदम छापण्याजोगे करून बाहेर काढावयाचे. एक काम संपताच हुकूम पुन्हा नियंत्रक कार्यक्रमाकडे यावा, एवढीच तिची मुख्य अट. परंतु ही अट पाळली जाईल याची कोणतीही सक्ती ७०४ या यंत्राच्या घडणीतच नव्हती. नियंत्रक कार्यक्रम व उपभोक्त्याचा कार्यक्रम एकाच स्मृतीत शेजारी शेजारी नांदत असत आणि स्मृतिरक्षणाची सोय नसल्यामुळे एखादा उच्छृंखल कार्यक्रम नियंत्रकालाच पुसून टाकू शकत असे. व्यवस्था चालली ती उपभोक्त्यांच्या सदाचारावर. तरीही ही प्रणाली व तिच्या सुधारित आवृत्त्या सुमारे ४० ठिकाणच्या ७०४ यंत्रांवर वापरल्या गेल्या.

पहिलेपणाच्या या निवाड्यावर आक्षेप दोन बाजूंनी येतात. एक पक्ष मागे जातो. केंब्रिज येथील एडसॅक यंत्राने मे १९४९ मध्ये काम सुरू केले तेव्हा डेव्हिड व्हीलर यांनी रचलेल्या आरंभिक आज्ञांचा एक छोटासा संच कार्यक्रम वाचून, त्याचे रूपांतर करून स्मृतीत बसवीत होता. एमआयटीतील व्हर्लविंड यंत्रावर १९५४ च्या सुमारास जी डायरेक्टर टेप वापरात आली, ती एकामागून एक कामांची आज्ञापत्रे यंत्राला वाचून दाखवीत असे. या पक्षाचे म्हणणे असे की कारभाराचा काही अंश जरी यंत्राकडे गेला तरी आरंभ झालाच. दुसरा पक्ष पुढे येतो. ज्या व्यवस्थेला आपली अंमलबजावणी करण्याचे सामर्थ्यच नाही तिला राज्यव्यवस्था कसे म्हणावे, असा त्याचा सवाल आहे. आणि इंटरप्ट, स्मृतिरक्षण व कालमापक घड्याळ ही तीन साधने यंत्रातच बसविली जाईपर्यंत खरी कार्यप्रणाली संभवत नाही, असे तो मानतो. १९५४ ते १९६४ या दशकाचा विशेष अभ्यास करणाऱ्या बुलिंक यांचा कल असा दिसतो की, आज एका नावाखाली येणारी अनेक कामे त्या काळी भिन्न भिन्न कार्यक्रमांत विखुरलेली होती व त्यांचे एकत्रीकरण सावकाश होत गेले, तेव्हा एकच जन्मदिवस शोधण्यात अर्थ नाही. मला हा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

या कालखंडातील अधिक महत्त्वाचा प्रश्न वस्तुतः निराळाच आहे. पॅट्रिक व मॉक हे दोघेही यंत्रे विकणाऱ्या कंपनीचे नोकर नव्हते. ते गिऱ्हाईक होते. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या विमान कारखान्यांतील गणकप्रमुखांनी १९५५ मध्ये 'शेअर' ही उपभोक्त्यांची संघटना स्थापन केली, तिचा उद्देशच मुळी असा की प्रत्येक कारखान्याने तेच तेच कार्यक्रम पुन्हा पुन्हा लिहिण्याचा अपव्यय थांबावा. परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेले हे कारखाने आपले कार्यक्रम एकमेकांस विनामूल्य देत, आणि अकेरा यांनी आपल्या २००१ मधील निबंधात दाखविल्याप्रमाणे या उदारपणामागे नव्या व्यवसायाची प्रतिष्ठा उभारण्याची धडपडही होती. संघटनेच्या समितीने आयबीएम ७०९ साठी जी शेअर ऑपरेटिंग सिस्टिम आखली व जी १९५९ मध्ये वापरात आली, तिचे भाग्य मात्र फळले नाही. ती विद्वानांनी विद्वानांसाठी आखलेली, यंत्रभाषेत सूक्ष्म काम करणाऱ्यांना सोयीची अशी होती. आणि तोवर बहुसंख्य उपभोक्ते फोरट्रान भाषेकडे वळलेले असल्यामुळे त्यांना साधी, फोरट्रानला अनुकूल अशी फोरट्रान मॉनिटर सिस्टिमच अधिक पसंत पडली. त्यानंतर कार्यप्रणाली रचण्याचे काम उत्तरोत्तर आयबीएमच्या हाती गेले. हा बदल गिऱ्हाइकांनी खुशीने केलेला करार होता की कंपनीने हळूहळू मिळविलेला ताबा, याचे उत्तर आजही एकमुखी नाही.

ॲटलस व बरोज

अमेरिकेत कामांचे गठ्ठे लावण्याची पद्धत स्थिरावत असता इंग्लंडात, मँचेस्टर विद्यापीठ व फेरांटी कंपनी यांनी मिळून बांधलेल्या ॲटलस यंत्राने एकदम पुढचा पल्ला गाठला. टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली घडलेले हे यंत्र ७ डिसेंबर १९६२ रोजी समारंभपूर्वक सुरू झाले. त्यात जलद चुंबकीय स्मृती सुमारे १६ हजार शब्दांची आणि ड्रमवरील मंद स्मृती सुमारे ९८ हजार शब्दांची होती. परंतु कार्यक्रम लिहिणाऱ्याला ही दोन दालने दिसतच नसत. ५१२ शब्दांच्या पानांत विभागलेली माहिती गरजेप्रमाणे ड्रमवरून आत आणणे व नको असलेली पाने परत पाठविणे, हे काम यंत्रातील योजना व सुपरव्हायझर हा कार्यक्रम मिळून करीत. पुढे जिला आभासी स्मृती म्हणू लागले ती कल्पना येथे प्रथम साकार झाली. डेव्हिड हॉवर्थ हे सुपरव्हायझरचे एक प्रमुख रचनाकार. कार्यक्रम चालू असता दुसऱ्याच्या टेपा फिरत असाव्यात, तिसऱ्याची छपाई व्हावी, आणि कोणाचीही मागणी यंत्राला रिकामे बसवू नये, अशी ही व्यवस्था होती. ब्रिंच हान्सेन यांनी तिला कार्यप्रणालींच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची झेप मानले आहे. एवढी मोठी झेप घेणारी पूर्णाकार ॲटलस यंत्रे जगात तीनच बांधली गेली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कल्पनेचा प्रसार आणि यंत्राचा खप यांचा अन्योन्य संबंध असतोच असे नाही.

याच सुमारास अमेरिकेत बरोज कंपनीने १९६१ मध्ये बी ५००० हे यंत्र जाहीर केले. रॉबर्ट बार्टन यांच्या या रचनेत स्मृतीची विभागणी ठराविक आकाराच्या पानांत न करता कार्यक्रमाच्या नैसर्गिक खंडांप्रमाणे केलेली होती, आणि यंत्र व त्याचा मास्टर कंट्रोल प्रोग्रॅम हे एकमेकांस डोळ्यांसमोर ठेवूनच आखले गेले होते. पाने की खंड, हा वाद पुढे पंधरा वर्षे गाजला. पानांच्या पक्षाचे म्हणणे सुटसुटीतपणाचे, खंडांच्या पक्षाचे म्हणणे अर्थपूर्णतेचे व सुरक्षिततेचे. व्यवहारात पानांनी बाजी मारली हे खरे, तथापि मास्टर कंट्रोल प्रोग्रॅमचे वंशज आजही चालू आहेत, आणि बरोजच्या चाहत्यांचा युक्तिवाद असा की त्यांच्या पक्षाचा पराभव बाजारात झाला, तर्कात नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु इतिहासाला बाजारही मोजावाच लागतो.

कालविभागणीचा वाद

या साऱ्या इतिहासातील सर्वांत समृद्ध आणि सर्वांत कडवटही झालेला वाद टाइम-शेअरिंगचा, म्हणजे यंत्राच्या वेळाच्या विभागणीचा. गठ्ठ्यांच्या पद्धतीने यंत्र सदोदित राबू लागले, पण माणूस ताटकळू लागला. सकाळी दिलेल्या कार्डांचा निकाल संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी हाती येई, आणि त्यात एखाद्या स्वल्पविरामाची चूक निघाली तर तेच चक्र पुन्हा फिरे. यावर यंत्राचा वेळ अनेक माणसांत इतक्या बारीक तुकड्यांत वाटावा की प्रत्येकाला ते आपल्या एकट्याच्याच सेवेत आहे असे वाटावे, ही कल्पना पुढे आली.

तिचे पितृत्व हा पहिला उपवाद. ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांनी जून १९५९ मध्ये पॅरिस येथील युनेस्कोच्या परिषदेत मोठ्या जलद यंत्रांतील कालविभागणीवर निबंध वाचला. तर जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीतील आपल्या वरिष्ठांना पाठविलेल्या टिपणावर १ जानेवारी १९५९ ही तारीख आहे. दोघांच्या बाजूने बोलणारे आहेत. परंतु निबंध नीट वाचता असे दिसते की स्ट्रॅची यांच्या मनात मुख्यत्वे एकाच यंत्रावर अनेक कार्यक्रम एकाच वेळी चालावेत आणि त्यांपैकी एखाद्यात माणूस चुका शोधीत असावा अशी व्यवस्था होती. अनेक माणसे निरनिराळ्या टंकयंत्रांवर बसून एकाच यंत्राशी संवाद करीत आहेत हे चित्र मॅकार्थी यांच्या टिपणात अधिक स्पष्ट आहे. दोन भिन्न गोष्टींना एकच नाव पडल्यामुळे हा तंटा इतका लांबला.

प्रत्यक्ष प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत झाले. फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनी आयबीएम ७०९ वर कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम, म्हणजे सीटीएसएस, चालवून दाखविली. त्या वेळी डिस्कची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक उपभोक्त्याचा कार्यक्रम त्याच्या पाळीबाहेर असता एका स्वतंत्र टेपवर उतरवून ठेवीत. पुढे आयबीएम ७०९४ वर तिला स्थैर्य आले, तेव्हा ३२,७६८ शब्दांच्या दोन स्मृतिसंचांपैकी एक सर्वस्वी सुपरव्हायझरसाठी राखीव ठेवला गेला आणि दुसरा उपभोक्त्यांत पाळीपाळीने फिरता ठेवला गेला. एका वेळी सुमारे ३० जण काम करू शकत. सार्वजनिक वाड्यात अनेक कुटुंबे नांदू लागली की कुलपांची गरज भासते, त्याप्रमाणे येथेच प्रत्येकाच्या कागदपत्रांना संकेतशब्दाचे कुलूप लावण्याची प्रथा पडली, आणि लगोलग कुलपे फसण्याचेही पहिले प्रकार घडले. दोन व्यवस्थापक एकाच वेळी, एक दिवसाची सूचना व दुसरा संकेतशब्दांची यादी, दुरुस्त करीत होते. संपादक कार्यक्रम दोघांच्याही तात्पुरत्या प्रतीला एकच नाव देत असे. परिणामी त्या दिवशी जो जो यंत्रावर आला त्याच्यासमोर सूचनेऐवजी सर्वांचे संकेतशब्द छापून आले. सामायिक कारभाराच्या अडचणी कोणत्या जातीच्या असतात, याचा इतका चोख दाखला शोधूनही सापडावयाचा नाही.

१९६३ मध्ये लष्करी संशोधनखात्याच्या, म्हणजे आर्पाच्या, द्रव्यबळावर एमआयटीत प्रोजेक्ट मॅक उभा राहिला आणि कालविभागणी ही एका पंथासारखी पसरू लागली. डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ यांनी १ मे १९६४ रोजी पहाटे जनरल इलेक्ट्रिकच्या यंत्रावर आपली प्रणाली व बेसिक ही भाषा सुरू केली. गणितज्ञ नसलेल्या विद्यार्थ्यांनाही यंत्र वापरता यावे हा त्यांचा हेतू. जॉय रँकिन यांनी २०१८ मधील आपल्या ग्रंथात आग्रहपूर्वक मांडले आहे की डार्टमथसारख्या ठिकाणी जमलेला सामान्य वापरकर्त्यांचा समाज हाच खरा इतिहास असून एमआयटीच्या प्रयोगशाळांभोवती फिरणारी कथा त्याला झाकून टाकते. या मांडणीने दृष्टी रुंदावली यात शंका नाही, जरी तिच्या मोबदल्यात यंत्रांतर्गत रचनेचा प्रश्न काहीसा मागे पडतो.

विरोधी पक्षही दुबळा नव्हता. कालविभागणीत यंत्राचा पुष्कळ वेळ केवळ कार्यक्रमांची अदलाबदल करण्यात जातो, आणि ताबडतोब उत्तर मिळण्याच्या सोयीमुळे माणसे विचार न करता चाचपडू लागतात, असे त्यांचे म्हणणे. याचा निकाल प्रयोगाने लावावा म्हणून सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमधील हॅरॉल्ड सॅकमन व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन्ही पद्धतींनी काम करणाऱ्या कार्यक्रमलेखकांची तुलना केली. मनुष्यवेळात कालविभागणीची बाजू थोडी सरस ठरली. परंतु सर्वांत ठळक निष्कर्ष भलताच निघाला. दोन पद्धतींतील फरकापेक्षा दोन माणसांतील फरक कितीतरी मोठा होता, आणि चुका दुरुस्त करण्याच्या वेळात तो २८ पटींपर्यंत गेलेला दिसला. प्रयोगातील माणसे फारच थोडी होती, आणि २८ या आकड्यावर पुढे बरीच टीकाही झाली. ज्या प्रश्नासाठी प्रयोग मांडला तो मात्र तसाच राहिला. शेवटी त्याचा निकाल प्रयोगांनी लागला नाही. यंत्राचा वेळ स्वस्त होत गेला, माणसाचा महाग होत गेला, आणि वहीतील दोन रकान्यांची जागा आपोआप बदलली.

या ठिकाणी एक उपेक्षित शाखा नोंदवली पाहिजे. अमेरिकन एअरलाइन्स व आयबीएम यांनी दोन ७०९० यंत्रांवर उभारलेली सेबर ही आसन-आरक्षणाची व्यवस्था १९६४ पर्यंत पूर्णपणे कार्यान्वित झाली. दूरदूरच्या टर्मिनलांवरून येणाऱ्या छोट्या व्यवहारांना क्षणात उत्तर देणे हे तिचे काम, आणि त्या वेळच्या कोणत्याही विद्यापीठीय प्रणालीपेक्षा अधिक माणसे तिच्याशी रोज संवाद करीत. तरीही कार्यप्रणालींच्या इतिहासात तिला दोन ओळी मिळतात, कारण तिच्याविषयी निबंध वाचणारे प्राध्यापक नव्हते.

ओएस/३६० आणि तिचे मूल्यमापन

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. लहानापासून थोरापर्यंत सर्व यंत्रांची भाषा एक, आणि त्यांवर चालणारी कार्यप्रणालीही एकच, असे ते आश्वासन होते. यंत्रांच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी पाळले गेले. प्रणालीच्या बाबतीत मोडले. छोट्या स्मृतीच्या यंत्रांवर ओएस/३६० बसेना, म्हणून डॉस/३६० व इतर तात्पुरत्या प्रणाली घाईने तयार कराव्या लागल्या, आणि त्यांपैकी डॉस/३६० तर तात्पुरतेपणा विसरून कायमची वस्तीला राहिली. मुख्य प्रणालीचीही एका वेळी एक काम, ठराविक संख्येची कामे आणि बदलत्या संख्येची कामे चालविणारी अशी तीन रूपे झाली. तिसरे रूप यथाकाल पक्व व्हावयास दशकाचा शेवट उजाडला. प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या अंदाजाप्रमाणे १९६३ ते १९६६ या काळात सुमारे ५,००० मनुष्यवर्षे या कामी खर्ची पडली. उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसे नेमली तर तो अधिकच लांबतो, हा जो सिद्धान्त त्यांनी १९७५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, त्याची किंमत आयबीएमने आधीच चुकती केलेली होती.

या प्रणालीविषयी दोन टोकांची मते आहेत. ब्रिंच हान्सेन व त्यांच्या परंपरेतील लेखक तिला अवाढव्य, चुकांनी भरलेली आणि कोणालाही समग्र न समजणारी वस्तू मानतात. तिच्या जॉब कंट्रोल लँग्वेजविषयी तर खुद्द ब्रुक्स यांनीच नंतर कमालीचा कठोर शेरा मारला. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या आश्रयाने भरलेल्या परिषदेत सॉफ्टवेअरच्या अरिष्टाची जी चर्चा झाली तिच्या पार्श्वभूमीवर याच अनुभवाची छाया होती. दुसरा पक्ष म्हणतो, निकाल दीर्घायुष्यावरून लावा. ओएस/३६० ची वंशावळ एमव्हीएसमधून आजच्या झेड/ओएसपर्यंत अखंड आहे, त्या काळी लिहिलेले कार्यक्रम बँका व विमा कंपन्यांच्या दप्तरांत आजही चालू शकतात, आणि यंत्रे पिढ्यानुपिढ्या बदलत असता गिऱ्हाइकाचे काम न अडविणे हेच व्यापारी प्रणालीचे पहिले कर्तव्य होय. दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे आहेत, कारण एक बांधणीचा खर्च मोजतो आणि दुसरा वापराची मिळकत. मला स्वतःला एवढेच वाटते की बांधणीच्या क्लेशांवर ब्रुक्स यांच्यासारखा समर्थ लेखक लाभल्यामुळे पहिल्या पक्षाला साहित्यिक लाभ झाला. तीस-चाळीस वर्षे निमूटपणे पगारपत्रके छापणाऱ्या कार्यक्रमांना असा लेखक मिळाला नाही.

मल्टिक्स, सीपी-६७ व लघुप्रणाली

सिस्टिम/३६० मध्ये पत्त्यांचे रूपांतर करणारी योजना मुळात नसल्यामुळे एमआयटी व बेल लॅबोरेटरीज यांनी आयबीएमकडे पाठ फिरवून जनरल इलेक्ट्रिकशी हातमिळवणी केली व मल्टिक्सचा घाट घातला. १९६५ च्या शरद-परिषदेत सहा निबंधांच्या द्वारे तिची जी रूपरेषा मांडली गेली, ती वीज-पाण्यासारखी गणनसेवा घरोघर पुरविण्याची होती. पाने व खंड या दोहोंचा मिलाफ, संरक्षणाची एकात एक वर्तुळे, आणि जवळजवळ सर्व रचना पीएल/वन या उच्च भाषेत, हे तिचे विशेष. काम लांबले, १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीज बाहेर पडली, आणि तेथील केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी एका लहान यंत्रावर युनिक्सचा आरंभ केला. मल्टिक्स ही फसलेली योजना, ही समजूत येथूनच रूढ झाली. वास्तविक एमआयटीत ती १९६९ च्या ऑक्टोबरपासून सर्वांस खुली झाली, हनीवेलने तिची विक्री केली, सुरक्षिततेच्या सरकारी कसोटीत तिला वरचा दर्जा मिळाला, आणि कॅनडातील हॅलिफॅक्स येथील तिचे शेवटचे यंत्र ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झाले. एकतीस वर्षे चाललेल्या प्रणालीला अपयशी म्हणणे शब्दांची उधळपट्टी आहे. घरोघर सेवा पुरविण्याचे उद्दिष्ट मात्र तिच्या हातून साधले नाही, हेही तितकेच खरे.

आयबीएमने या गिऱ्हाइकांना परत आणण्यासाठी सिस्टिम/३६० चे मॉडेल ६७ हे यंत्र व टीएसएस/३६० ही प्रणाली पुढे केली. ती प्रणाली मंद व अस्थिर निघाली आणि अखेर मागे घेतली गेली. दरम्यान कंपनीच्याच अमेरिकेतील केंब्रिज येथील छोट्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी व सहकारी यांनी प्रत्येक उपभोक्त्याला एक संपूर्ण आभासी यंत्रच द्यावे, अशी युक्ती योजिली. सीपी-४० जानेवारी १९६७ पासून नित्य वापरात आली, तिच्यातून सीपी-६७ निघाली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने तिला राजमान्यता मिळाली. मोठ्या अधिकृत योजनेपेक्षा आडबाजूच्या छोट्या चमूने अधिक टिकाऊ वस्तू दिली, ही कथा वारंवार सांगितली जाते व ती खोटी नाही; पण त्या चमूला मॉडेल ६७ चे यंत्र मिळाले ते अधिकृत योजनेच्याच कृपेने, ही बाब कथेतून सहसा गळते.

आभासी स्मृतीची कार्यक्षमता हाही या काळातला प्रश्न होता. फार कामे एकदम आत घेतली की यंत्र सर्व वेळ पाने ने-आण करण्यातच घालवी. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये वर्किंग सेटची उपपत्ती मांडून याचे कारण व उपाय दाखविले, आणि डेव्हिड सेयर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखविले की स्वयंचलित व्यवस्था हाताने केलेल्या नियोजनाच्या तोडीची होऊ शकते. या क्षेत्रातील इतक्या स्वच्छपणे मिटलेला वाद दुसरा नाही.

महाकाय प्रणालींच्या शेजारी युरोपातील दोन लहान प्रणालींचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. आइंडहोव्हन येथे एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी थोड्या सहकाऱ्यांनिशी रचलेली, एकावर एक थरांची व सेमाफोरवर आधारलेली प्रणाली १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ब्रिंच हान्सेन यांचे आरसी ४००० वरील छोटे केंद्रक त्यानंतर वर्षभरात आले. पाठ्यपुस्तकांत त्यांना ओएस/३६० इतकेच किंबहुना अधिक स्थान मिळते. त्या समजावयास सोप्या आहेत आणि त्यांच्या कर्त्यांनी त्या उत्तम रीतीने समजावून दिल्या. त्यांच्यावर किती कामे चालली, हा प्रश्न पाठ्यपुस्तके विचारीत नाहीत.

इतिहासलेखनातील उरलेले प्रश्न

आतापर्यंतची मांडणी बहुशः अमेरिका व इंग्लंड यांपुरती आहे, आणि हाच या साहित्याचा सर्वांत मोठा दोष होय. सोव्हिएत संघाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सिस्टिम/३६० चे अनुकरण करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ओएस/३६० चे वंशज पूर्व युरोपभर पसरले. तो निर्णय शहाणपणाचा की स्वतंत्र परंपरेचा घात करणारा, यावर रशियन लेखकांत तीव्र मतभेद आहेत. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र १९६४ मध्ये आले आणि देशभरातील संशोधकांची कामे तेथे चालू लागली. कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेत आयबीएम ७०४४ होते. आणि मुंबईच्या तंत्रविज्ञान संस्थेत १९७० च्या दशकात रशियाहून ईसी १०३० हे ३६० च्या वंशातील यंत्र आले. एकाच देशात, फार काय एकाच शहरात, अमेरिकन मूळ व रशियन अनुकृती यांवर शिकलेल्या माणसांच्या दोन पिढ्या अशा रीतीने घडल्या. यंत्रांची आयात नोंदली गेली आहे; त्यांवरील प्रणालींत स्थानिक माणसांनी काय फेरफार केले, याचा पद्धतशीर अभ्यास व्हावयाचा आहे.

साधनांच्या बाजूने स्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे. आयबीएमने जून १९६९ मध्ये सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले तेव्हा मूळ कार्यप्रणाली मात्र विनामूल्यच ठेवली, आणि त्यामुळे ओएस/३६० च्या जुन्या आवृत्त्या आज हौशी मंडळी अनुकारी कार्यक्रमांच्या साहाय्याने घरच्या यंत्रावर चालवू शकतात. मल्टिक्सची मूळ संहिता २००७ मध्ये खुली झाली. सीटीएसएसही पुन्हा चालू करण्यात आली आहे. जुन्या प्रणालीविषयी कोणी काय लिहिले एवढ्यावर न थांबता ती प्रत्यक्ष चालवून पाहणे आता शक्य आहे, आणि गतीविषयीचे व स्मृतिखर्चाविषयीचे कित्येक जुने दावे त्यामुळे तपासता येतील. अर्थात अनुकारी यंत्रावर कार्ड अडकत नाही, टेप तुटत नाही आणि रांगेत दुसरे कोणी उभे नसते, तेव्हा अशा तपासणीच्या मर्यादाही उघड आहेत.

ज्यांचे काम या प्रणालींनी प्रथम हाती घेतले, त्या ऑपरेटरांविषयीची सामग्री मात्र अद्याप अत्यल्प आहे. पाळ्यांची पुस्तके, बिघाडांच्या नोंदी, टेपा चढविण्याच्या वेळापत्रकांचे कागद हे कोणी जपून ठेवावे असे त्या काळी वाटले नाही, आणि जेथे ते उरले असतील तेथे ते कंपन्यांच्या दप्तरखान्यांत पडून आहेत. नियंत्रक कार्यक्रम आल्यावर एका पाळीवर किती माणसे कमी लागू लागली, की उलट काम वाढल्यामुळे जास्तच लागू लागली, हा साधा प्रश्न या पंचाहत्तर वर्षांच्या इतिहासात अजून कोणी नीट मोजून सोडविलेला नाही.